गर्द, सुई आणि शेजारधर्म

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची ही प्राचीन राजधानी. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा आणि १९०५ नंतर अकोल्यात विलीन झालेला मुलूख, अशी स्थित्यंतरे पाहिलेल्या या गावाला जिल्ह्याचे ठिकाण होण्याचा मान पुन्हा लाभला. त्याच १९९८ साली मुंबईत एड्सला आळा घालण्यासाठी ‘मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था’ स्थापन झाली. वरकरणी या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. परंतु वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या तालुक्यांतील किती तरी घरांतून एखादा मुलगा पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याच्या वाटेला लागलेला असतो. पूर्वी त्या वाटेला दिवस-रात्र मोडत असे. २०२५ साली पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गाने ती काही तासांवर आणली आहे. ज्या वाटेने मनीऑर्डरी गावी आल्या, त्याच वाटेने महानगरातील दुखणीही येऊ शकतात. म्हणून मुंबईच्या पदपथांवर घडलेला एक इतिहास अमरावती धर्मप्रांताच्या कुशीतील या जिल्ह्याच्या वाचकांनाही ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते.

हा इतिहास शिरेतून मादक द्रव्ये घेणाऱ्या माणसांना एच.आय.व्ही.पासून वाचविण्याच्या प्रयत्नांचा आहे. विषय अप्रिय खरा. पण अप्रिय म्हणून तो टाळला, तर त्याची किंमत कुणाला मोजावी लागते, हेच या इतिहासात पाहावयाचे आहे.

अफूपासून गर्दपर्यंत

अमली पदार्थ आपल्या समाजात काल-परवा आलेले नाहीत. तान्ह्या बाळाला अफूचा कण चाटवून निजवायचे आणि आईने शेतावर किंवा गिरणीत कामाला जायचे, ही रीत एके काळी महाराष्ट्रात सर्रास होती. इंग्रज सरकार परवान्याच्या दुकानांतून अफू विकून महसूल मिळवीत असे. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, औषधाव्यतिरिक्त होणारा अफूचा वापर दहा वर्षांत बंद करण्याचे सरकारने ठरविले. मात्र ज्यांचे शरीर अफूवाचून चालेनासे झाले होते, अशांची नोंदणी करून त्यांना मोजून-मापून अफू देण्याची सोयही ठेवली. सवय एका दिवसात सुटत नाही आणि माणसाला तोवर जगवावे लागते, हे त्या जुन्या व्यवस्थेला समजले होते. पुढच्या कथेच्या दृष्टीने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९८०च्या सुमारास मुंबईत ‘ब्राऊन शुगर’ आली. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूने येणारी ही भेसळयुक्त हेरॉईन. मराठीत तिला ‘गर्द’ हे नाव पडले आणि तिच्या आहारी गेलेल्यांना लोक ‘गर्दुल्ले’ म्हणू लागले. चांदीच्या कागदावर भुकटी ठेवून, खाली काडी पेटवून, तिचा धूर नळीने ओढावयाचा, ही तिची पद्धत. काही आठवड्यांतच शरीर तिचे गुलाम होई. वेळेवर पुडी मिळाली नाही की अंग मोडून येई, नाका-डोळ्यांतून पाणी वाहे, पोटात कळा येत. याला त्यांच्या भाषेत ‘टर्की’ म्हणतात. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा झाला. त्याने व्यापाऱ्यांना धाक बसला असेल; पण अफूसारखे जुने, सौम्य पदार्थ मिळणे दुरापास्त झाले आणि लहान पुडीत मावणाऱ्या जहाल द्रव्याचे फावले, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे.

महाराष्ट्राला या संकटाची जाणीव करून देणाऱ्यांत डॉ. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या लेखनाचे नाव आदराने घ्यावे लागते. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी ते नावारूपाला आणले. आपल्या ख्रिस्तसभेने त्याहीआधी पाऊल उचलले होते. मुंबई महाधर्मप्रांताचे फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली. फादर स्वतः मद्यासक्तीतून बाहेर आलेले. हे त्यांनी कधी लपविले नाही. उलट त्याच अनुभवाच्या बळावर त्यांनी इतरांचा हात धरला. बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे शिकलेल्या योगविद्येची त्यांनी उपचाराला जोड दिली. ‘कृपा’ची केंद्रे वसईपासून ईशान्य भारतापर्यंत पसरली आणि २००९ साली फादरांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

या दोन्ही संस्थांनी हजारो संसार सावरले. तथापि त्यांच्या दारात येण्यासाठी एक अट आपोआपच असे: ‘मला हे सोडायचे आहे,’ असे त्या माणसाला वाटले पाहिजे. ज्याला अजून तसे वाटत नाही, किंवा वाटूनही जमत नाही, त्याचे काय? १९८६ साली मद्रासमध्ये भारतातील पहिल्या एच.आय.व्ही. लागणी उघडकीस आल्या आणि हा प्रश्न जीवनमरणाचा झाला.

एका सुईची कथा

गर्द ओढणाऱ्याला धुरातून एच.आय.व्ही. होत नाही. तो होतो सुईतून. गर्द महागली किंवा मिळेनाशी झाली, की तेवढ्याच पैशांत अधिक नशा मिळावी म्हणून माणूस सुईकडे वळतो. मुंबईत वेदनाशामक, गुंगी आणणारी आणि ॲलर्जीवरची औषधे एकत्र करून ती शिरेत टोचून घेण्याचा प्रकार वाढला. सिरिंज एक आणि घेणारे तिघे-चौघे असले, की पहिल्याच्या रक्ताचा अंश सुईच्या पोकळीत राहतो आणि थेट दुसऱ्याच्या शिरेत जातो. एच.आय.व्ही.ला याहून जवळची वाट क्वचितच सापडेल. कावीळ ब आणि क यांचे विषाणूही याच वाटेने जातात.

ही वाट किती वेगाने जाते, हे जगाने दोन ठिकाणी पाहिले. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात १९८०च्या दशकाच्या आरंभी पोलिसांच्या दबावामुळे सुयांची विक्री जवळजवळ थांबली. व्यसने थांबली नाहीत. अनेक जण एकच सुई वापरू लागले. १९८५च्या सुमारास रक्ततपासण्या झाल्या, तेव्हा सुई टोचून घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना लागण झालेली आढळली. दुसरे ठिकाण आपल्याच देशातील मणिपूर. तेथे सप्टेंबर १९८९ पर्यंत केलेल्या तपासण्यांत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एकही लागण सापडली नव्हती. त्यानंतरच्या सहा महिन्यांत प्रमाण पन्नास टक्क्यांपर्यंत गेले. पुढे ती लागण त्यांच्या पत्नींना आणि पत्नींकडून बाळांना झाली. ज्यांनी सुई कधी हातात धरली नव्हती, त्यांनीही तिची किंमत मोजली.

याच काळात दुसराही एक विचार रुजत होता. १९८४ साली ॲमस्टरडॅम शहरात व्यसनी माणसांच्याच संघटनेने आरोग्य खात्याच्या मदतीने वापरलेल्या सुया घेऊन नव्या देण्यास प्रारंभ केला. तेव्हा चिंता कावीळ ब ची होती. १९८६ साली इंग्लंडमधील लिव्हरपूल परिसरात हे काम सुरू झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियातील सिडनीत डॉ. ॲलेक्स वोडॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायद्याची परवानगी नसताना सुया वाटल्या. डॉ. वोडॅक ज्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात काम करीत, ते आपल्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी या धर्मभगिनींनी स्थापन केलेले. सरकारने खटला भरला नाही, उलट लवकरच योजना स्वीकारली. ऑस्ट्रेलियात सुई वापरणाऱ्यांमधील एच.आय.व्ही.चे प्रमाण पुढील दशकांत एक-दोन टक्क्यांच्या आसपासच राहिले. सुया दिल्याने नवे व्यसनी निर्माण होतात काय, याचाही अनेक देशांत कसून अभ्यास झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली त्या सर्व अभ्यासांचा आढावा घेतला. लागण घटते आणि व्यसन वाढत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मुंबईचे पदपथ

मुंबईत हे काम करण्यासाठी १९९५ साली ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’ उभा राहिला. त्याचे संस्थापक एल्ड्रेड टेलिस. पुलांखाली, रेल्वेच्या रुळांलगत आणि पदपथांवर राहणाऱ्या गर्दुल्ल्यांपर्यंत पोहोचणे हे या कामाचे पहिले अंग होय. संस्थेचा कार्यकर्ता त्यांच्याकडे जातो. त्यांनी यावे म्हणून बसून राहत नाही. अनेकदा तो स्वतः कधी काळी त्याच पदपथावर असतो, म्हणून त्याला शिव्याही समजतात आणि लाजही. तो वापरलेल्या सुया-सिरिंजा गोळा करतो आणि निर्जंतुक सुया देतो. गोळा केलेल्या सुया नष्ट केल्या जातात, त्यामुळे कचरा वेचणाऱ्या मुलाच्या हातालाही त्या टोचत नाहीत.

दुसरे अंग जखमांचे. अस्वच्छ सुईने हातापायांवर गळू होतात, ती चिघळतात, कधी अवयव गमावण्याची वेळ येते. असा माणूस रुग्णालयाच्या दारात गेला, की त्याच्या अंगाच्या वासाने नि कपड्यांमुळे त्याला हाकलले जाण्याची भीती असते. अशा केंद्रात त्याची जखम धुऊन मलमपट्टी होते, आंघोळीला पाणी मिळते, दोन घटका टेकायला जागा मिळते. विश्वास येथून सुरू होतो. मग रक्ततपासणीचा विषय निघतो, क्षयाच्या औषधांचा निघतो, आणि एके दिवशी घराचाही निघतो.

तिसरे अंग पर्यायी औषधाचे. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी रोज कार्यकर्त्यासमोर जिभेखाली विरघळवावयाची. ती टर्की येऊ देत नाही, पण गर्दसारखी धुंदीही आणीत नाही. चोरी करून पुडी मिळविण्याची रोजची धडपड संपते. माणूस कामावर जाऊ शकतो, घरी झोपू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली हे औषध आणि मेथाडोन यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. अफूची नोंदणी करून ती मोजून देणाऱ्या आपल्या जुन्या व्यवस्थेची येथे आठवण होते. फरक इतकाच की, हे औषध उपचाराचा भाग म्हणून दिले जाते.

आरंभीची वर्षे सोपी नव्हती. सुया बाळगणारा कार्यकर्ता पोलिसांच्या दृष्टीने गुन्ह्याचा साथीदार ठरू शकत होता. शेजाऱ्यांना वाटे, ही माणसे व्यसनाला खतपाणी घालीत आहेत. हळूहळू शासनाचे धोरण बदलले. २००२च्या राष्ट्रीय एड्स धोरणाने या मार्गाला मान्यता दिली, आणि २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात सुया व पर्यायी औषध या दोन्हींना पक्के स्थान मिळाले. त्याआधी, १ एप्रिल २००४ पासून, महाराष्ट्रासह सहा राज्यांत एच.आय.व्ही.वरील औषधे शासनातर्फे मोफत देण्यास प्रारंभ झाला होता. शेवटी २०१७ साली संसदेने एच.आय.व्ही. व एड्सविषयीचा कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. लागण टाळण्यासाठी स्वच्छ सुया देणे अथवा पर्यायी औषध देणे हा गुन्हा नव्हे, हे त्याच्या बाविसाव्या कलमाने स्पष्ट केले. पदपथावरच्या कार्यकर्त्याला कायद्याचे असे निःसंदिग्ध संरक्षण मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले.

आकडे काय सांगतात? २००७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एच.आय.व्ही.चे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. त्या वेळी देशात ते सर्वाधिक होते. २०१०-११च्या पाहणीत ते सुमारे १४ टक्क्यांवर आले. ही सारी घट स्वच्छ सुयांमुळेच झाली, असे म्हणणे धाडसाचे होईल. पदपथावरील किती तरी लागण झालेली माणसे या काळात मरण पावली असणार, आणि मेलेला माणूस पाहणीत मोजला जात नाही. तरीही दिशा बदलली, हे खरे. देशपातळीवर हे प्रमाण २०१७ मध्ये सुमारे ६ टक्के, तर २०२१ मध्ये ९ टक्के आढळले. एकूण प्रौढ लोकसंख्येत मात्र एच.आय.व्ही.चे प्रमाण अवघे ०.२ टक्क्याच्या आसपास आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे साडेआठ लाख माणसे सुईने नशा करतात. तेव्हा ही लढाई संपली, असे कुणी समजू नये.

ख्रिस्तसभेचा पेच

आता आपल्या घरचा प्रश्न. आम्ही ख्रिस्ती माणसांनी याकडे कसे पाहावे? व्यसन हे शरीराची आणि आत्म्याची हानी करते, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे, आणि ती योग्यच आहे. मग व्यसनी माणसाच्या हातात सुई देणे म्हणजे पापाला साहाय्य करणे नव्हे काय?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. सिडनीच्या त्याच सिस्टर्स ऑफ चॅरिटी भगिनींनी १९९९ साली देखरेखीखाली नशा घेता येईल अशी जागा चालविण्याची तयारी दाखविली. मृत्यू टाळावेत, हा त्यांचा हेतू. परंतु कार्डिनल रॅत्झिंगर ज्याचे प्रमुख होते, त्या व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने त्यांना या योजनेतून बाहेर पडण्यास सांगितले आणि भगिनींनी आज्ञा पाळली. २००१ साली ते केंद्र दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाने, युनायटिंग चर्चने, सुरू केले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१४ साली रोममधील एका परिषदेत अमली पदार्थ कायदेशीर करण्याला विरोध केला, आणि पर्यायी द्रव्ये देणे म्हणजे शरणागतीच होय, असा इशारा दिला. त्यांचे म्हणणे हलके लेखता येणार नाही. माणसाला गोळीवर ठेवले आणि त्याच्या पुनर्जीवनाचा विचारच सोडून दिला, तर ती दया न राहता सोयीची विल्हेवाट ठरते.

दुसऱ्या बाजूस अमेरिकेतील ऑल्बनी धर्मप्रांताचे उदाहरण आहे. तेथे बिशप हॉवर्ड हबर्ड यांच्या संमतीने २०१० साली ‘कॅथलिक चॅरिटीज’ने स्वच्छ सुया देण्याचे केंद्र सुरू केले. ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात दुसऱ्याच्या दुष्कृत्याचा हेतू स्वीकारणे आणि ते मनाने नाकारूनही त्याच्या परिणामांपासून जीव वाचविणे, यांत भेद केला आहे. त्या भेदाचाच ऑल्बनीच्या धर्मप्रांताने आधार घेतला. व्यसनी माणूस टोचून घेणारच आहे. आपण सुई न दिल्याने तो थांबत नाही, फक्त दूषित सुई उचलतो, हे त्यामागील वास्तव. या निर्णयावर आक्षेप घेणारे कॅथलिकही होते. म्हणजे एकच श्रद्धा मानणारी, प्रामाणिक माणसे या प्रश्नावर वेगवेगळ्या निष्कर्षांना पोहोचली आहेत. भारतीय बिशपांच्या परिषदेने २००५ साली एच.आय.व्ही.विषयक धोरण जाहीर केले, त्याचा गाभा मात्र वादातीत आहे: लागण झालेल्या माणसाला दोष न देता त्याची करुणेने शुश्रूषा करणे.

संत लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात हरवलेल्यांचे तीन दाखले आहेत. उधळ्या पुत्राचा बाप दारात वाट पाहतो. पुत्र शुद्धीवर येऊन परत फिरल्यावर तो धावत पुढे जातो. ‘कृपा’ आणि ‘मुक्तांगण’ यांनी हे बापाचे काम केले. परंतु त्याच अध्यायाच्या आरंभी मेंढपाळ आहे. मेंढरू परत येण्याची तो वाट पाहत नाही. ते जेथे अडकले असेल, त्या रानात स्वतः जातो. पदपथावरचा कार्यकर्ता हे काम करतो. प्रभू येशूने हे दाखले एकापाठोपाठ एक सांगितले. त्यांतील एक निवडा नि दुसरा टाका, असे त्याने सांगितलेले नाही. मेंढपाळ गेला नाही, तर बापाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच पुत्र मरून जाईल.

सुई द्यावी की न द्यावी, हे ठरविण्याचे काम धर्मग्रामावर क्वचितच येईल; ते शासनाचे आरोग्यकेंद्र करील. धर्मग्रामाच्या वाट्याला त्याहून साध्या गोष्टी येतात आणि आम्हांस त्याच अधिक अवघड वाटतात. मुंबईहून परतलेल्या मुलाच्या बाह्या उन्हाळ्यातही मनगटापर्यंत खाली असतील, तर त्याच्या आईला चारचौघांत न विचारता एकांतात धीर देणे. जिल्हा रुग्णालयातील तपासणी केंद्रात तिच्यासोबत जाणे. एड्सविषयीची १०९७ ही मोफत दूरध्वनी सेवा ठाऊक असणे. लागण झाल्याचे कळले तर औषधे मोफत मिळतात, ती नियमित घेतली तर माणूस दीर्घकाळ जगतो आणि संसार करतो, हे सांगणे. त्याच्या पत्नीची वेळेवर तपासणी होईल हे पाहणे. आणि मिस्साच्या वेळी तो मागच्या बाकावर येऊन बसला, तर शेजारच्याने सरकून दूर न जाणे.

मणिपूरमध्ये सहा महिने पुरले. आपल्या जिल्ह्याला त्यापेक्षा अधिक अवधी मिळाला आहे, महामार्गही आहे, औषधेही आहेत आणि कायदाही आहे. १९८६ साली सिडनीच्या त्या डॉक्टरांपाशी यांपैकी कायदा नव्हता, औषध तर नव्हतेच. होती ती डोळ्यांसमोर मरू घातलेली माणसे आणि त्यांना मरू द्यायचे नाही हा निश्चय. तेवढा निश्चय आपल्या धर्मग्रामांना जड जाऊ नये.